शिकारी कुटुंबाच्या बाजूने

शिकार वाईट, छंद म्हणून केलेली शिकार त्याहून वाईट, आणि आईबापांनी पोरांना सोबत घेऊन सुट्टीचा आनंद म्हणून केलेली शिकार तर विकृतीच. आपल्याकडच्या शिकल्यासवरल्या माणसांत याबद्दल आता दुमत उरलेलं नाही. शाकाहारी असोत की मांसाहारी, जुन्या वळणाचे असोत की नव्या, या एका बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं. अमेरिकेत एखादा बाप तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन हरणाच्या शिकारीला जातो हे ऐकलं की ‘मुलांवर हे कसले संस्कार?’ असं विचारलं जातं, आणि प्रश्नातच उत्तर आलं असं धरून विषय मिटतो. मला हे मत चुकीचं वाटतं. मी स्वतः शिकार करत नाही. पण नोकरीमुळे काही वर्षं विस्कॉन्सिन राज्यात राहणं झालं, तिथली शिकारी घरं जवळून पाहिली, त्या विषयावर जमेल तेवढं वाचलं, आणि हे मत जितकं सर्वमान्य आहे तितकं तपासलेलं नाही, अशी माझी खात्री झाली.

खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडायला हवा. तो असा: पोटासाठी कुणी जनावर मारलं तर समजू शकतं, पण दुकानात मांस विकत मिळत असताना जंगलात जाऊन हरीण मारणं म्हणजे मजेखातर जीव घेणं. मजेखातर जीव घेताना पाहणाऱ्या मुलाचं मन बोथट होतं. शिवाय शिकारीने काय होतं ते आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलं आहे. या देशातला चित्ता गेला, वाघ जेमतेम वाचला. यातला एकही मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शेवटचा सगळ्यांत जोरकस वाटतो, म्हणून त्यापासून सुरुवात करतो.

आपण शिकार म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे जे चित्र येतं ते दरबारातलं असतं. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात भरतपूरच्या पाणथळीवर व्हाइसरॉय लिनलिथगो आणि त्यांच्यासोबतच्या पाहुण्यांनी ४,२७३ पक्षी पाडले. तो आकडा आजही केवलादेव उद्यानातल्या दगडावर कोरलेला आहे. १९४७ साली कोरिया संस्थानच्या महाराजांनी रात्रीच्या वेळी तीन चित्ते टिपले, ते या देशातले शेवटचे चित्ते मानले जातात. कोल्हापूरला चित्तेवान होते, काळविटांवर सोडायला पाळलेले चित्ते होते, आणि इथले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणवले गेले. या सगळ्यात एक सूत्र आहे. मारणाऱ्यावर कुणाचीही मर्यादा नाही. हाका घालणारे वेगळे, मचाण बांधणारे वेगळे, मेलेलं जनावर सोलणारे वेगळे. हुजुरांनी फक्त बार काढायचा. आणि सगळी प्रतिष्ठा आकड्यात. याला शौक म्हणा, सत्तेचं प्रदर्शन म्हणा. पण एखादं कुटुंब आपल्या हातांनी करतं त्या शिकारीशी याचं साम्य बंदुकीपुरतंच आहे. आपण ज्या शिकारीचा धिक्कार करतो ती ही दरबारी शिकार, आणि तो धिक्कार रास्तच आहे. चूक होते ती तोच निवाडा दुसऱ्याच कुणावर लादताना.

आपली परंपराही या विषयात वाटते तितकी एकसुरी नाही. मनूने कामातून उपजणाऱ्या व्यसनांत मृगया पहिली मोजली आणि मद्यपान, द्यूत, स्त्रिया यांच्यासोबत सर्वांत घातक चौघांत तिला बसवलं. पण कौटिल्याने अर्थशास्त्रात हाच वाद पुन्हा उघडला आहे. मृगया द्यूतापेक्षा वाईट, असं पिशुनाचं मत तो आधी मांडतो: रानात चोर, शत्रू, हत्ती, वणवा, वाट चुकणं, भूक, तहान, जिवावरचा प्रसंग. मग ते खोडून काढतो. मृगयेने अंग घटतं, मेद झडतो, स्थिर आणि हलत्या लक्ष्यावर नेम बसतो, भ्यालेल्या आणि चिडलेल्या जनावराचं मन कळतं. द्यूतात यातलं काहीच नाही, म्हणून द्यूत अधिक वाईट. कालिदासाने शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात सेनापतीच्या तोंडी जवळपास हीच बाजू घातली आहे. पण हे वाचताना एक गोष्ट खटकते. पिशुन काय किंवा कौटिल्य काय, दोघंही राजाच्या नफ्यातोट्याचा हिशोब मांडतात. हरणाचं काय, हे कुणीच विचारत नाही. शास्त्रग्रंथांनी सोडलेला हा प्रश्न आपल्या कथांनी मात्र धरून ठेवला.

दशरथाची कथा घ्या. श्रावणाच्या मरणाला कारण झालेला बाण शब्दवेधी होता. घागर भरल्याचा आवाज आला, राजाने तो हत्तीचा मानला आणि न पाहता बाण सोडला. ती कथा मला आता फार वेगळी दिसते, कारण विस्कॉन्सिनमध्ये शिकार शिकायला येणाऱ्या मुलांना ज्या चार नियमांची घोकंपट्टी करायला लावतात त्यांतला एक अगदी हाच आहे: लक्ष्य काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री असल्याखेरीज गोळी झाडायची नाही. उरलेले तीन म्हणजे प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, नळी कायम सुरक्षित दिशेला ठेवायची आणि गोळी झाडायची तयारी होईपर्यंत बोट घोड्याच्या कडीबाहेर ठेवायचं. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तिथे हा अभ्यासक्रम पुरा केल्याखेरीज शिकारीचा नेहमीचा परवाना मिळत नाही. १९६६ साली त्या राज्यात दर लाख शिकाऱ्यांमागे ४४ जणांना इजा होत असे. आता ते प्रमाण चाराच्या आसपास आलं आहे.

महाभारतातल्या किंदम ऋषीची तक्रार तर याहून नेमकी आहे. मृगरूपात रममाण झालेल्या त्या ऋषीला पांडूने बाण मारला. मरताना तो राजाला जे सुनावतो त्याचा रोख असा, की तू मृग मारलास याबद्दल माझा दोष नाही, राजे मृगया करतातच. तू ती वेळ पाळली नाहीस, हा तुझा अपराध. शिकारीची वेळ आणि शिकारीचा काळ यांवर इतक्या जुन्या ग्रंथात इतकं स्पष्ट बोललं गेलं आहे, आणि आपण मात्र सरसकट निवाडा देऊन मोकळे होतो.

किंदमाची ही अट विसाव्या शतकाच्या तोंडावर अमेरिकेत आयोवा राज्यातला एक माणूस स्वतःहून पाळू लागला होता. बर्लिंग्टन गावचा कार्ल लिओपोल्ड. धंदा लाकडी मेजं बनवण्याचा, छंद शिकारीचा. वसंतात बदकं उत्तरेकडे अंडी घालायला निघतात तेव्हा त्यांना मारायचं नाही, हे त्याने कायदा येण्याआधीच ठरवलं आणि पाळलं. मुलांना तो सोबत न्यायचा. थोरल्या आल्डोला दिलेला नियम असा, की झाडावर बसलेल्या पक्ष्यावर बार काढायचा नाही. उडता टिपता आला तर टिपायचा. पोरगा रानभर हिंडायचा, कुत्र्याने झाडावर चढवलेला पक्षी अगदी टप्प्यात बसलेला असायचा, आजूबाजूला कुणी बघणारं नसायचं, आणि तो बंदूक खाली करून पुढे जायचा. बापाने त्याला शिकवलेली शिकार ही अशी होती, तिच्यात हात आखडता घेण्याचे प्रसंग बार काढण्यापेक्षा जास्त होते. हाच आल्डो लिओपोल्ड पुढे १९३३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापनाचा प्राध्यापक झाला, आणि त्याच्या मृत्यूनंतर १९४९ साली निघालेलं ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ हे पुस्तक आज जगभरच्या निसर्गवाद्यांचा आधारग्रंथ आहे. ते पुस्तक आपल्याकडेही आदराने वाचलं जातं. लेखक आयुष्यभर शिकार करत होता, हे मात्र आदराच्या भरात गाळलं जातं.

ते गाळता येत नाही, कारण त्या पुस्तकाचं मूळच एका घरच्या शिकारीत आहे. १९३५ साली लिओपोल्डने बाराबू गावाजवळ, विस्कॉन्सिन नदीकाठी, कस गेलेली ऐंशी एकर जमीन घेतली ती शिकारीचा तळ म्हणून. उभं होतं ते एक कोंबड्यांचं खुराडं. त्याचीच झोपडी केली. बायको एस्टेला आणि पाच मुलं दर शनिवार-रविवारी तिथे. लिओपोल्ड स्वतः धनुष्यं बनवायचा. एस्टेला तर तिरंदाजीत राज्याची अजिंक्य झाली. शिकारीसाठी आलेलं हे कुटुंब मग ओसाड जमीन बघून पाइनची रोपं लावू लागलं. दर वसंतात हजारोंनी लावायची, दुष्काळात बहुतेक जळायची, पुन्हा लावायची. कुठलं फूल कधी उमललं, कुठला पक्षी कधी परतला याची वही ठेवली गेली. त्या वहीचं पुढे काय झालं ते सांगण्यासारखं आहे. लिओपोल्डची मुलगी नीना हिने म्हातारपणी त्याच जागी त्याच नोंदी पुन्हा घेतल्या, वडिलांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, आणि १९९९ साली तिचा व सहकाऱ्यांचा जो शोधनिबंध छापला गेला तो विस्कॉन्सिनमधला वसंत अलीकडे सरकल्याचा, म्हणजे हवामान बदलाचा, ठोस पुरावा ठरला. पाच मुलांपैकी स्टार्कर, लूना आणि धाकटी एस्टेला हे तिघं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. एक वन्यजीवांचा अभ्यासक, एक नद्यांचा, एक प्राचीन परागकणांची. शिकारीने मुलांचं मन बोथट होतं असं म्हणणाऱ्याने या घराचा काय खुलासा करायचा ते एकदा सांगावं.

एका घरावरून नियम काढता येत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून आपल्या मातीतलं दुसरं घर दाखवतो. गिरगावात खेतवाडीला तय्यबजींचं मोठं कुटुंब राहायचं. आईवडील गेलेल्या सलीम अली या पोराला मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी वाढवलं. मामा शिकारी, घरात शिकारीच्या गोष्टी, पोरांच्या हातात हवेची बंदूक. त्या बंदुकीने सलीमने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, आणि ही कोण म्हणून मामांना विचारलं. मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद; त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे धाडलं. मिलार्डनी कपाटातले पेंढा भरलेले पक्षी उघडून दाखवले. भारतीय पक्षिशास्त्राचा पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून ‘मेलेल्या चिमणीने मुलाचं आयुष्य बदललं’ अशी सांगितली जाते, जणू चिमणी आपोआप मेली. बंदूक, मामा आणि शिकारीचं घर त्यातून वजा केलं की गोष्टीला अर्थच राहत नाही. मारलेल्या पक्ष्याकडे निरखून पाहायची सवय त्या मुलाला कुठून लागली? जिथे मारलेलं काय आहे हे ओळखणं हा शिकारीचाच भाग होता, त्या घरातून.

मग वन्यजीव संपवले कुणी? विस्कॉन्सिनमध्ये याचं उत्तर एका स्मारकावर आहे. वायलूसिंग राज्य उद्यानात १९४७ साली प्रवासी कबुतराच्या स्मरणार्थ शिळा बसवली. १८७१ साली याच राज्यात त्या पक्ष्यांनी सुमारे ८५० चौरस मैलांवर घरटी केली होती. ज्ञात इतिहासातलं ते त्यांचं सर्वांत मोठं वीणक्षेत्र. तार आली, रेल्वे आली, आणि कबुतरं कुठे उतरली ही खबर धंदेवाईक पारध्यांपर्यंत काही तासांत पोचू लागली. पिंपांत भरून शहरांच्या बाजारात माल जाऊ लागला. १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात त्या जातीची शेवटची मादी मेली. हे काम जाळी, आगगाडी आणि शहरातला भाव यांनी मिळून केलं. १९०० सालचा लेसी कायदा या व्यापाराला लगाम घालायला आला, आणि तो यावा म्हणून आरडाओरडा करणाऱ्यांत छंद म्हणून शिकार करणारेच पुढे होते. बाजारासाठी मारणाऱ्याला पुरेसं असं कधी नसतं. घराला असतं, कारण खाणारी तोंडं आणि फ्रिज दोन्ही मोजके.

आता जवळून पाहिलेलं थोडं सांगतो. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीने हरीण मारायचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. राज्यात पाच लाखांहून अधिक लोक त्यासाठी परवाना घेतात. एका शेजाऱ्याने मला त्या हंगामात सोबत यायची परवानगी दिली. कापणी झालेल्या मक्याच्या शेताच्या कडेला, ओकच्या झाडांत, तो, त्याची मुलगी आणि मागे मी, असे अंधारातच जाऊन बसलो. सगळ्यांच्या अंगावर भडक नारिंगी कोट; कायद्याने असा भडक रंग बंधनकारक आहे. उजाडता उजाडता समोरच्या टेकाडाच्या माथ्यावर एक शिंगाळा नर उभा राहिला, आभाळाच्या पार्श्वभूमीवर पुरा दिसणारा. मुलीने बंदूक उचलली आणि खाली ठेवली. माथ्यामागे काय आहे ते दिसत नव्हतं. बापाने काही सांगितलं नव्हतं, नंतरही त्याने फक्त मान हलवली. नर निघून गेला.

बऱ्याच वेळाने झाडांच्या कडेने एक मादी आली. त्या भागात माद्यांसाठी वेगळा परवाना होता, तो मुलीकडे होता. तिने गोळी झाडली, हरीण उडालं आणि झुडपांत दिसेनासं झालं. माझा पहिला आवेग उठून धावायचा होता. बापाने दोघांनाही बसवून ठेवलं. जखमी जनावराच्या मागे लगेच गेलं तर ते घाबरून लांब पळतं आणि हाल होऊन मरतं. थांबलं तर ते जवळच बसतं. अर्ध्या तासाने माग काढायला सुरुवात झाली. बर्फावर फेसाळ, गुलाबी रक्त होतं. तसं रक्त म्हणजे गोळी फुफ्फुसात, जनावर जवळच असणार. तेच गडद, हिरवट कण मिसळलेलं असतं तर गोळी पोटात, आणि मग कित्येक तास थांबावं लागलं असतं. हे बाप मुलीला हलक्या आवाजात सांगत होता, आणि पुढचा थेंब तिलाच शोधायला लावत होता. साठ-सत्तर पावलांवर हरीण मिळालं. लांब काडीने डोळ्याला स्पर्श करून ते मेल्याची खात्री केली. मग सुरी तिच्या हातात. कातडीखाली दोन बोटं घालून ती वर उचलून धरायची आणि बोटांच्या मधून पातं पुढे न्यायचं, म्हणजे टोक आतड्यात घुसत नाही आणि मांस नासत नाही. पोट उघडल्यावर थंडीत वाफ आली. काळीज आणि हृदय पिशवीत गेलं. मुलगी रडली नाही, हसलीही नाही. कोपरापर्यंत रक्ताने माखलेली होती आणि कामात होती.

नंतरच्या आठवड्यात त्यांच्या घरी जेवणाच्या मोठ्या टेबलावर तेच हरीण कापलं जात होतं. आजी खिमा दळत होती, सॉसेजसाठी त्यात डुकराची चरबी मिसळत होती. नातवंडं पांढऱ्या कागदात पुडे बांधून त्यांवर तारीख लिहीत होती. रानात सोडून दिलेलं मांस हा त्या घरात अपराध होता. सगळी शिकारी घरं अशी असतात असं माझं म्हणणं नाही. दारू पिऊन बंदुका घेऊन फिरणारी टोळकी तिथेही आहेत, भिंतीवर टांगायच्या शिंगांपलीकडे ज्यांना काही दिसत नाही असे लोकही आहेत. पण छंदाचा न्याय त्याच्या विटाळलेल्या रूपावरून करायचा तर क्रिकेटपासून भजनी मंडळापर्यंत काहीच टिकणार नाही.

आता सगळ्यांत अवघड मुद्दा, आनंदाचा. गरज जीव घेण्याचं समर्थन करू शकते, आनंद करू शकत नाही, असं म्हटलं जातं. स्पॅनिश तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत याने १९४२ साली याला एक उत्तर दिलं: मारणं हे छंदी शिकाऱ्याचं प्रयोजन नसतं, शिकार खरी ठरण्याची ती अट असते. हे उत्तर प्रसिद्ध आहे, पण मला ते अपुरं वाटतं, कारण अट कुणाचीही असो, ती हरणाच्या जिवावर पुरी होते. मी वेगळ्या ठिकाणाहून पाहतो. रविवारी सकाळी आपल्या घरी मटण येतं. तांबडा-पांढरा रस्सा होतो, घरभर वास सुटतो, मुलं ताट घेऊन बसतात. हा आनंद नाही तर काय आहे? पोषणासाठी डाळ पुरली असती. बकऱ्याचा जीव आपण चवीसाठी, सणासाठी, चार माणसं एकत्र बसावीत म्हणून घेतो. फक्त सुरी खाटकाच्या हातात असते आणि आपण पाठ फिरवून उभे असतो. ब्रॉयलर कोंबडी जेमतेम सहा आठवडे बंद शेडमध्ये जगते. ते हरीण रानात मोकळं जन्मलं, मोकळं चरलं आणि बहुधा एका गोळीत मेलं. या दोन मरणांत अधिक क्रूर कोणतं, हे मटण खाणाऱ्याने प्रामाणिकपणे ठरवावं. जो मांस खात नाही त्याचा आक्षेप वेगळा आहे, सुसंगत आहे, आणि त्याचं खंडन मी करत नाही. माझा वाद मांस खाऊन शिकाऱ्याला हिंस्र म्हणणाऱ्याशी आहे.

आणि मुलाच्या मनाचं म्हणाल तर, मांस कुठून येतं हे ज्याला कधीच दिसत नाही त्याचं मन कोवळं राहतं आणि ज्याला दिसतं त्याचं बोथट होतं, हे गृहीतच उलटं आहे. आपल्या कोकणातल्या, घाटावरच्या घरांत दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत मुलांसमोर कोंबडी कापली जायची. ती मुलं क्रूर निघाली नाहीत. बोथटपणा येतो तो मरण दिसण्याने नव्हे. मरणाची किंमत कुणीतरी परस्पर भरतं या सोयीने येतो.

हरणांच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं. १९६० च्या सुमारास विस्कॉन्सिनमधले लांडगे माणसाने संपवले होते. ते उत्तरेत परतले आहेत, पण शेतीच्या दक्षिण भागात हरणांना रोखणारं फारसं कुणी नाही. संख्या वाढली की ट्रिलियमसारखी रानफुलं, यू आणि हेमलॉकची कोवळी रोपं चरून साफ होतात, रस्त्यांवर दरवर्षी हजारो हरणं गाड्यांखाली येतात, कडक हिवाळ्यात उपासमारीने मरतात. १९४० च्या दशकात लिओपोल्डने नेमकं हेच सांगितलं होतं: फक्त नर मारून, माद्यांना हात न लावून जंगल वाचणार नाही, माद्या मारायला परवानगी द्या. १९४३ साली तशी परवानगी मिळाली तेव्हा लोकांनी, त्यात शिकारीही आले, त्याला शिव्यांची लाखोली वाहिली. हरणावर प्रेम असलेल्यांनाच जंगल दिसत नव्हतं. आजही मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो, कारण एका प्राण्याची दया आणि रानाची काळजी या दोन गोष्टी नेहमी एकाच दिशेने ओढतात असं आपण धरून चालतो.

इथे शिकारीच्या समर्थकांचा एक लाडका युक्तिवाद आहे, आणि तो मी पुरता उचलणार नाही. ते म्हणतात, निसर्गरक्षणाचा खर्च शिकारीच करतात. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरचा १० ते ११ टक्के कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो, हे खरं. १९३४ पासून बदकांच्या शिकारीसाठी घ्यावं लागणारं टपाल तिकिटासारखं दिसणारं मुद्रांक आहे. त्याच्या प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळी विकत घेण्यात आणि राखण्यात जातात, आणि आजवर साठ लाख एकरांच्या वर जमीन त्यातून वाचली, हेही खरं. पण आज बंदुका विकत घेणाऱ्यांपैकी फार मोठा वर्ग कधी रानात पाय ठेवत नाही. कराचा मोठा वाटा त्यांच्याकडून येतो. त्याचं श्रेय हरणामागे जाणाऱ्या कुटुंबाने घेऊ नये. त्याला त्याची गरजही नाही. आणि श्रेयाबरोबर दोषही मांडायला हवा: शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात राहतात, ते घारी-गरुडांच्या पोटात जातात. तांब्याच्या गोळ्या मिळत असताना शिसं वापरत राहणं हाही दोष आहे, आणि तो शिकाऱ्यांनीच दूर करायला हवा.

‘मग महाराष्ट्रातही शिकार सुरू करायची का?’ हे मला विचारलं जाईल. नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा गरजेचा होता आणि आहे. आपल्याकडे माणसं दाट, रानं तुकड्यातुकड्यांची, आणि परवान्याच्या नावाखाली काय चालेल याची कल्पना न केलेली बरी. रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केलेल्या शेतकऱ्याचा प्रश्न खरा आहे, पण तो नुकसानभरपाईचा, कुंपणाचा आणि जागेवरच्या बंदोबस्ताचा प्रश्न आहे; त्यात छंदाला शिरकाव नको. विस्कॉन्सिनच्या कुटुंबाला तिथल्या जमिनीने, कायद्याने आणि हरणांच्या संख्येने जी मुभा दिली ती आपल्या परिस्थितीने आपल्याला दिलेली नाही. पण आपल्याला मुभा नाही म्हणून त्यांचा छंद पाप ठरत नाही.

त्यांच्या बाजूने उभं राहताना एका बाबतीत मी त्यांच्या विरोधात आहे. जाणत्या माणसाच्या हाताखाली, अभ्यासक्रम न करताही, मुलाला शिकार करू देण्यासाठी विस्कॉन्सिनमध्ये किमान दहा वर्षांची अट होती. २०१७ साली विधिमंडळाने ती काढून टाकली. आता वयाची अटच उरली नाही. पालकांनी ठरवावं, असं समर्थन दिलं गेलं. मी वर जे काही मांडलं त्याचा सगळा भार मुलाला थांबता येतं यावर आहे: टेकाडावरच्या नरावर गोळी न झाडण्यावर, रक्ताचा माग काढण्याआधी अर्धा तास बसून राहण्यावर. सहा वर्षांच्या मुलाकडून हे होत नाही. ते बापाच्या हाताने घोडा ओढतं, आणि मग ती बापाचीच शिकार असते, मुलगा सोबत नेलेला प्रेक्षक. दहाची अट परत आणली पाहिजे. मला विचाराल तर बाराची.